ताटं ओली का राहतात

मशीन खोटं बोलत नाही, असं मी नोकरीला लागल्यापासून सांगत आलेय. माणसं बोलतात. उरणच्या बंदराजवळ एका यार्डात मी थंड कंटेनर दुरुस्त करते. त्यातून आंबे जातात, औषधं जातात, आमच्याच किनाऱ्यावरची कोळंबी जाते. कंटेनर तापला की ड्रायव्हर म्हणतो मशीन खराब, यार्डवाले म्हणतात ड्रायव्हर खराब, आणि मग मला हाक मारतात. आजवर एकाही कंटेनरने मला हरवलेलं नाही. त्यामुळे घरातलं भांडी घासायचं एवढंसं मशीन ताटं ओली ठेवतं, ही गोष्ट मी जरा जास्तच मनावर घेतली.

घर म्हणजे नवीन पनवेलमधला सासरचा फ्लॅट. नवरा देवेश, सासरे अविनाश, सासूबाई सुनीता आणि मी, कोमल. मी उरणजवळच्या करंजा गावची, कोळ्यांची. माझी आई जनी अजून बाजारात मासळी विकते. सासरी मात्र अंड्याचंही नाव काढत नाहीत. लग्नाआधी देवेशने घरात सरळ सांगून टाकलं होतं की कोमल मासे खाणार आणि घरीच खाणार. त्यावर तह झाला तो असा: मासे बाल्कनीतल्या शेगडीवर शिजतील, त्यांची भांडी वेगळी, माझं ताट-वाटी वेगळं, आणि ती सगळी बाल्कनीतल्या नळाखाली मीच घासायची. कपाटातही त्यांना जागा नव्हती, बाल्कनीतच एका टोपलीत असायची. मला चालतंय, असं मी सगळ्यांना सांगायची. दोन वर्षं सांगितलं.

मग आमच्याकडे भांडी घासणारी बाई विमानतळावर सफाईच्या कामाला लागली. छान झालं तिचं. पण सासूबाईंच्या बोटांना संधिवात. गार पाण्यात हात घातला की सांधे सुजायचे आणि रात्री त्या बोटं काखेत धरून बसायच्या. दुसरी बाई मिळेना. मी बोनसमधून मशीन घेऊन टाकलं, कुणाला विचारलं नाही. सासऱ्यांनी दोन दिवस ‘वीज किती खाईल’ हा जप केला आणि थांबले.

पहिल्याच बुधवारी मी बोंबील केले होते. जेवण झाल्यावर मी माझं ताट घेऊन नेहमीसारखी बाल्कनीकडे निघाले, तर सासूबाई म्हणाल्या, “आता कशाला ते तिकडे? टाक की सगळं एकत्र.”

सासऱ्यांनी तोंडासमोरचा पेपर खाली घेतला. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. माझ्या हातातलं ताट घेतलं आणि मशीनच्या खालच्या जाळीत स्वतःच्या ताटाशेजारी उभं केलं. वर म्हणाल्या, “उद्यापासून सगळी ताटं कपाटातच ठेव. ती टोपली काढून टाक.” मी रडणाऱ्यातली नाही. तरी त्या रात्री मी देवेशला तीनदा विचारलं, ‘तू ऐकलंस ना, आई काय म्हणाल्या?’ या घरात मी आले त्याला दोन वर्षं झाली होती. पण घरातली झाले ती त्या बुधवारी, असं मला अगदी खरंच वाटलं.

आणि मग ताटं ओली राहायला लागली.

सकाळी निघताना मी मशीन लावायची. रात्रीची भांडी, सकाळच्या चहा-नाश्त्याची, सगळी. संध्याकाळी येऊन मीच रिकामं करायची; ते काम माझं, कारण सासूबाईंना वाकायला नको. दार उघडलं की ताटांवरून पाणी निथळतंय, वाट्यांच्या बुडाशी थेंब, पेल्यांना आतून ओल. एकेक पुसत बसायचं. पुसायचंच असेल तर मशीन कशाला आणलं, असं सासरे विचारायला लागले. त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून तर जास्त झोंबला.

मी माहितीपुस्तिका काढली. भांडी वाळायला मशीनमध्ये काही वारा-बिरा नसतो. शेवटचं पाणी कडक तापवतात, भांडी तापतात आणि त्या उष्णतेनेच वाळतात. म्हणजे पातळ स्टील लवकर निवतं, प्लास्टिकचे डबे तर वाळतच नाहीत. ठीक आहे. प्लास्टिक बाहेर काढलं. वाट्या तिरप्या लावल्या. झटपट धुण्याचं बटण सोडून मोठं धुणं लावलं. भांड्यांवरून पाणी घसरून जावं म्हणून एक द्रव घालतात, तो संपत आला होता, तो भरला. मशीनचं मीठ भरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार उघडलं, ताटं ओली.

आईला फोन केला तर ती हसायलाच लागली. “काय गो कोमल, ओली हायत तं फडक्यानं पूस ना! आमी काय मशीन बघून जेवतो?”

“पुसायचा प्रश्न नाय, आय. नवीन मशीन हाय, ओलं का ठेवतंय?”

“सासू काय बोलतं?”

“काय नाय बोलत. चांगल्या हायत त्या.”

“मंग झालं तं,” आई म्हणाली. “सासू चांगली हाय नि भांडी ओली हायत. उलटं असतं तं रडली असतीस.”

आईचं म्हणणं आईपाशी ठेवून मी कंपनीचा माणूस बोलावला. त्याने सगळं तपासलं. पाणी तापतंय, निचरा होतोय, दाराचं रबर घट्ट आहे. “मॅडम, मशीनमध्ये फॉल्ट नाही,” तो म्हणाला, “पण तुमचं समाधान नसेल तर रविवारपर्यंत परत करता येईल. नंतर नाही.” सासऱ्यांनी रविवार तेवढा बरोबर ऐकला.

जेवताना ते म्हणाले, “देऊन टाका परत. तोवर बाई शोधू. कोमलची भांडी काय, पूर्वी होती तशी होतील वेगळी. काय हरकत आहे?”

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला पुढचं दिसत होतं. मशीन गेलं की टोपली परत बाल्कनीत जाणार होती, आणि एकदा आत आलेलं ताट पुन्हा बाहेर गेलं असतं तर ते परत कुणी आत आणलं नसतं. देवेश काहीतरी बोलणार होता, त्याला मी डोळ्यांनी गप्प केलं. मशीनचा प्रश्न होता. मशीनचे प्रश्न मी सोडवते.

शनिवारी मला सुट्टी असते. मी सकाळी मशीन लावलं आणि समोर स्टूल टाकून बसले. धुणं संपलं. थोडा वेळ थांबून दार उघडलं. वाफ अंगावर आली आणि ताटं अशी वाळलेली की हाताला चटका बसावा. वाट्या कोरड्या, पेले कोरडे, झाऱ्याच्या भोकातसुद्धा थेंब नाही.

“बघा!” मी ओरडले. “झालं की नाही?”

सासूबाई बघायला आल्या, “हो की गं,” म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी शनिवारचा उपास धरला. पूर्वी कधी धरला नव्हता. एक केळं खाल्लं, ताटलीसुद्धा न घेता, आणि झोपायला गेल्या. मी एवढी खुशीत होते की ते माझ्या ध्यानातही आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा.

देवेश म्हणाला, “मग परत करायचं नाही ना?” मी म्हटलं, अजिबात नाही. रविवार गेला तसा जाऊ दिला असता तर बरं झालं असतं. पण मला खात्री करून घ्यायची खोड आहे. संध्याकाळी मी आठवणी जुळवायला बसले. मी घरी असले की कोरडं, मी कामावर गेले की ओलं. यार्डात असा कंटेनर आला की आम्ही मशीन उघडतच नाही. मशीनला मेकॅनिक आलेला कळत नाही, माणसांना कळतो.

पुरावाही समोरच होता. शुक्रवारी एक काचेचा पेला पुसायचा राहून गेला होता आणि त्यावर थेंब वाळून पांढरे डाग पडले होते. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी मिसळतात, नळाचं पाणी कुठेही वाळलं की पांढरं उमटतं. पण मशीनमध्ये मीठ असतं ते नेमकं यासाठीच. तिथल्या पाण्याचे असे डाग पडत नाहीत. म्हणजे ते थेंब मशीनचे नव्हतेच. वाळलेली भांडी कुणीतरी बाहेर काढून नळाखाली धरत होतं आणि पुन्हा आत लावून ठेवत होतं.

कुणीतरी म्हणजे कोण? देवेश कामावर असतो, सासरे सकाळी वाचनालयात. आणि त्यांनी जन्मात कधी वाटी विसळलेली नाही.

मला राग आला. नुसता राग नव्हे, तोंडावर थुंकल्यासारखं वाटलं. माझ्या माशांच्या ताटाला लागलेलं पाणी आपल्या ताटाला लागलं म्हणून सासूबाई रोज सगळं धुवून घेत होत्या. मग ‘टाक की एकत्र’ म्हणायचं नाटक कशाला? सरळ सांगितलं असतं तर मी टोपली उचलली असती आणि मान ताठ ठेवून बाल्कनीत गेले असते. वर माझ्याकडून तो द्रव काय, मीठ काय, कंपनीचा माणूस काय! रविवारी सकाळी मी कंपनीला फोन करून सांगितलं की परत करायला आणखी एक दिवस द्या, सोमवारी कळवते. हो-नाही करत ते तयार झाले. त्याच दुपारी सासूबाईंनी ‘भूक नाही’ सांगितलं, आणि या वेळी मात्र मी ते ऐकलं.

सोमवारी मी रोजच्यासारखी मशीन लावून निघाले. पळस्पे फाट्यावर यार्डाची बस आली, मी चढले नाही. फाट्यावर चहा घेतला, तो संपला, आणखी एक घेतला. मनात काय काय बोलायचं ते तयार होतं, आणि ते चांगलं धारदार झालं होतं. मग रिक्षा करून मी परत आले आणि लॅचला हलकेच चावी लावली.

नळाचा आवाज येतच होता.

मशीनचं दार उघडं होतं, वाफ अजून निघत होती. सासूबाई माझ्याकडे पाठ करून उभ्या. एक ताट काढायच्या, नळाखाली दोन्ही बाजूंनी फिरवायच्या, झटकायच्या आणि परत त्याच खाचेत उभं करायच्या. गार पाण्यात त्यांची बोटं वाकडी झाली होती. पेला पकडता येईना म्हणून दोन्ही तळव्यांत धरला होता. ज्या बोटांसाठी मी मशीन आणलं तीच बोटं.

“आई.”

पेला सिंकमध्ये पडला. त्या वळल्या नाहीत. नळ तेवढा बंद केला.

“माझ्या ताटामुळे ना?” मी विचारलं. तयार करून आणलेल्यातलं एवढं एकच वाक्य बाहेर आलं. “आई, मशीन प्रत्येक वेळी नवीन पाणी घेतं. जुनं टाकून देतं. शेवटचं तर इतकं कडक असतं की...”

“मला शिकवू नकोस,” त्या वळून म्हणाल्या. “तीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी शाळेत. कोणत्या पाण्यात काय मरतं हे मला माहीत आहे. ती तुझी पुस्तिकाही वाचलीय मी, तुझ्याआधी.”

“मग?”

“मग काय? डोक्याला सगळं पटतं. ताट पुढे घेतलं की घास उतरत नाही.” त्यांनी पदराला हात पुसले. “मला वाटलं, होईल सवय. महिना जाईल, दोन महिने जातील. तोवर तुला कळू द्यायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.”

“सांगायचं होतंत. मी माझं ताट बाल्कनीत नेलं असतं.”

“म्हणून तर सांगितलं नाही!” त्या एकदम जोरात बोलल्या. दोन वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. “माझ्या सासरी माझं एक ताट होतं. जर्मनचं, एका कडेला चेपलेलं. न्हाणीघराच्या खिडकीत ठेवलेलं असायचं. महिन्यातले ते चार दिवस मी त्यात जेवायची, कोपऱ्यात बसून. सकाळी वर्गात मुलांना रक्ताभिसरण शिकवायचं आणि दुपारी घरी येऊन त्या ताटात जेवायचं. वरून वाढायचे, लांबून. कुणी वाईट बोलायचं नाही हं. सगळी चांगली माणसं होती. पण ताट वेगळं होतं.”

त्यांनी सिंकमध्ये पडलेला पेला उचलून ओट्यावर ठेवला.

“तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या सुनेचं असं काही वेगळं असणार नाही. आणि तू आलीस ती बोंबील घेऊन!” हे म्हणताना त्यांना हसू आलं, आणि हसतानाच डोळे भरले. “दोन वर्षं ती टोपली बघत होते मी रोज, कपडे वाळत घालताना. मशीन आलं तेव्हा वाटलं, सुटले. तर हे असं. आता मला विसळल्याशिवाय जेवण जात नाही, आणि तुझं ताट बाहेर काढायचं तर त्याहून जात नाही. मग काय करू? विसळते. हात दुखतात, ते माझ्याच मनाचं दुखणं आहे, दुखू देत.”

फाट्यावर दोन चहांत मी केवढा राग जमवला होता. आता तो ठेवायला जागाच नव्हती. अपमान अजून होता, तो काही खोटा नव्हता. पण माझा अपमान होऊ नये म्हणून एक बाई सुजलेल्या बोटांनी रोज घरभराची भांडी दुसऱ्यांदा धूत होती, तेही चोरून. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, आणि गदागदा हलवावंसंही वाटलं. आमच्यात मिठ्या मारायची पद्धत नाही. मी गॅसचा गीझर चालू केला.

“दोष सापडला, आई,” मी म्हटलं. “आता दुरुस्ती ऐका. पहिली गोष्ट, गार पाणी बंद. विसळायचं तर कोमट पाण्याने विसळा. दुसरी गोष्ट, सगळ्यांची भांडी विसळायची नाहीत, फक्त तुम्ही ज्यात जेवता ती. बाबांना विसळून हवं असेल तर बाबा विसळतील.”

“ते?” सासूबाई म्हणाल्या.

“ते. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. विसळलेलं ताट परत मशीनमध्ये ठेवून दार लावायचं नाही. बंद पेटीत ते दिवाळीपर्यंत वाळणार नाही. इथे खिडकीत उभं करा, उघड्यावर. मला दिसू दे.”

“तुला वाईट वाटेल.”

“वाटेल,” मी म्हटलं. “रोज थोडं थोडं वाटेल. पण ताटं कोरडी राहतील. आणि मशीन कुठेही जाणार नाही, आणि माझं ताटही नाही.”

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं, आणि मान हलवली. मी तिथेच उभ्याउभ्या कंपनीला फोन लावला आणि मशीन ठेवतोय म्हणून सांगितलं. बिघाड काय होता, असं पलीकडच्या मुलीने विचारलं. वापरण्यातली चूक होती, मी म्हटलं. सासूबाई फडक्याआड हसल्या.

फोन ठेवला तेव्हा कळलं की मला सडकून भूक लागलीय. सकाळपासून पोटात नुसता चहा. सासूबाईंनी गरम भात झाला होता तो काढला, आमटी उकळत ठेवली. मी मशीनमधलं एक ताट घेतलं, अजून गरम, कोरडं, त्यांनी न विसळलेलं. त्यांनी स्वतःचं कोमट पाण्याने विसळून खिडकीत उभं केलं होतं, ते घेतलं आणि फडक्याने पुसलं. मी बघितलं. वाईट वाटलं, थोडं. आम्ही समोरासमोर बसलो.

त्यांनी मला वाढलं. स्वतःला वाढायच्या आधी विचारलं, “बघ गं, आमटीत गूळ जास्त झालाय का? आज माझं लक्षच नव्हतं.”

या घरची आमटी मला पहिल्या दिवसापासून खिरीसारखी लागते. तरी मी प्रामाणिकपणे चव घेतली. “हो, आज जरा जास्तच झालाय.”

“काहीतरीच. इतका नव्हता घातला मी,” त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटातला आमटीभात चिमटीत उचलून तोंडात टाकला. देवेशच्या ताटातला टाकतात तसा, न बघता.

चावता चावता त्या थांबल्या. त्यांची नजर माझ्या ताटावर होती आणि माझी त्यांच्यावर. मी हललेसुद्धा नाही. काय झालं ते त्यांना कळलं होतं, आणि मला कळलंय हेही त्यांना कळलं होतं. मग त्यांनी तो घास गिळला.

“छे, बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याच ताटातून दुसरा घास घेतला.